बिडीच्या वासाचा माणूस

कापूरहोळ,
ता. ११ फेब्रुवारी २०२४

चि. गुलनाज हिला अब्बाचा सलाम आणि दुवा.

तू, खालिदमियाँ आणि गुलफशा खुशाल असाल अशी अल्लाकडं मागणी आहे. इकडं आम्ही दोघं ठीक. थंडी यंदा लवकर सरली. शेजारच्या बाळाबाईला नातू झाला, कामथडीच्या लेकीला. चौकातली गर्दी वाढलीय, धुरळाही तसाच, दुकानाचं शटर अजून अर्धं ओढूनच बसावं लागतं.

माझं अक्षर बघून तुला नवल वाटलं असेल. पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. शिरवळ हितनं वीस किलोमीटरसुद्धा नाही, तरी पत्र पोस्टात टाकतोय. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी दोन वाक्यांच्या पुढं माझ्याच्यानं बोलवणार नाही, हे मला ठाऊक आहे. कागदावर निदान थांबून थांबून सांगता येतं.

अम्मीचा मोबाईल दिवाळीपासून बंद आहे. मीच तो कपाटात ठेवलाय. तू बाळाबाईकडं चौकशी करतेस तेही माहीत आहे, पण बाळाबाईनं तुला सगळं सांगितलं नसेल. फोन आलेला नसतानासुद्धा अम्मी तो कानाला लावून तुझ्याशी बोलत बसायची. एकदा दुपारची दीड तास बोलत होती. गुलफशाला ताप आहे का, औषध दिलं का, असं विचारायची आणि उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायची. मला ते बघवेना.

तुला आधीच कळलं होतं, मला वाटतं. तूच बाळाबाईला म्हणाली होतीस ना, की अम्मी एकच गोष्ट चार-चारदा सांगते. मी म्हणालो होतो, वय झालं की होतं असं.

मग ते जाकीट झालं. वरव्याच्या एका नवरदेवाचं जाकीट होतं, काजं हातानं करायची होती. बत्तीस वर्षं अम्मीनं काजं केली. माझ्या मशीनपेक्षा तिच्या काजांना गिऱ्हाईक यायचं. त्या दिवशी तिनं जाकीट मांडीवर घेतलं आणि दोन्ही बाजूंना काजं पाडली. डाव्या अंगाला पाच, उजव्या अंगाला पाच. मी बघितलं तोवर कापून, दोरा भरून झालं होतं. मी म्हणालो, मासूमा, आता बटणं कुठं लावायची? तिनं जाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "बटणं तुमीच सांगा कुठं लावायची. म्या हे काम कधी केलं न्हाई."

तेव्हा मी घाबरलो. पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढायला लावला. त्यात बारीक रक्तवाहिन्या जागोजागी बुजलेल्या निघाल्या. लहान लहान झटके येऊन गेलेत, तुम्हाला कळलेसुद्धा नसतील, असं ते म्हणाले. स्मृतिभ्रंश हा शब्द त्यांनी मला लिहून दिला. बीपीच्या गोळ्या चालू आहेत. कमी होणार नाही, वाढणं लांबवता आलं तर बघायचं.

डॉक्टरांनी बरंच विचारलं. बीपी कधीपासून, साखर आहे का, माहेरी कोणाला असं झालं होतं का, झोप कशी आहे. मी सगळ्याची उत्तरं दिली.

एकदा येऊन जा. ती तुझं नाव घेते. अजून घेते, असं लिहितो. बिडीचं तू विचारशील, त्यावर समोरासमोर बोलू.

तुझ्या वाटेकडं डोळे लावलेला,
अब्बा


कापूरहोळ,
ता. २८ एप्रिल २०२४

चि. गुलनाज हिला सलाम आणि खूप खूप दुवा. ईद चांगली झाली असेल. गुलफशाला नवा ड्रेस घेतला असशील. आता सात वर्षांची झाली म्हणजे उंची किती, छाती किती, मला अंदाज येत नाही. नाहीतर मीच शिवला असता.

तुझं पत्र फेब्रुवारीतच मिळालं होतं. चारच ओळी. त्यात एकच प्रश्न होता: 'डॉक्टरांनी घरात कोण ओढतं का ते विचारलं असणार. तुम्ही काय सांगितलं?' ते पत्र मी शिलाईच्या वहीत ठेवलं आणि रोज काढून वाचलं. उत्तर द्यायला दोन महिने लागले.

विचारलं होतं, बाळा. ते म्हणाले, घरात कोणी बिडी-सिगरेट ओढतं का? मी म्हणालो, न्हाई साहेब. बंडल माझ्या खिशात होतं. बोटं मी मांडीखाली घेतली. अम्मी शेजारी बसली होती. त्याच्या आधी पाच मिनिटं तिला आज वार कोणता ते सांगता आलं नव्हतं. ती डॉक्टरांना म्हणाली, "यांना कसलंच व्यसन न्हाई साहेब. लई साधं मानूस हाय."

तिनं मला सांभाळून घेतलं, का तिला खरंच आठवत नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी तिला विचारूही शकत नाही. दोन्हींत कुठलं खरं निघालं तर मला बरं वाटेल, तेही सांगता येत नाही.

तुझं पत्र आल्यावर मी एकटा परत पुण्याला गेलो. तीन तास बाकड्यावर बसलो. आत गेल्यावर म्हणालो, साहेब, मागल्या खेपेला मी खोटं बोललो. मग सगळं सांगितलं. दिवसाला एक बंडल, कधी दीड. वीस-बावीस वर्षांचा असल्यापासून. दुकान दहा बाय आठचं. धुरळा येतो म्हणून शटर अर्धं खाली. मी मशीनवर, ती माझ्या डाव्या हाताला पाटावर. बत्तीस वर्षं, सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत.

डॉक्टर तरुण आहेत, पण रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बिडीनंच झालं असं एका माणसाबद्दल कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांना बीपी होतंच. पण धुरानं रक्तवाहिन्या खराब होतात, आणि धोका ओढणाऱ्यालाच असतो असं नाही. शेजारी रोज बसणाराही तोच धूर घेत असतो." मग म्हणाले, विसरण्याचा हा धोका तुम्हालाही आहे, तुमचीही तपासणी करू. मी म्हणालो, माझं राहू द्या. मी आता सोडली तर ती परत पहिल्यासारखी होईल का? ते म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. पुढचं कदाचित हळू जाईल.

'कदाचित' एवढंच हातात घेऊन मी एसटीत बसलो.

तिनं मला कधी सांगितलं नाही असं नाही. तू झालीस तेव्हा म्हणाली होती, पोरीजवळ नको, बाहेर जाऊन ओढत जा. मी आठ दिवस बाहेर उभा राहिलो. नवव्या दिवशी कामाची घाई होती, आतच पेटवली. तिनं परत विषय काढला नाही. ती गप्प बसली म्हणजे चालतंय, असं मी धरून चाललो. गिऱ्हाइकाच्या कपड्यांना वास लागतो म्हणून शिवून झालेलं प्रत्येक कापड ती मागच्या दोरीवर दोन तास वाळत घालायची. कपड्यांचा वास घालवायची आणि स्वतः परत आत येऊन बसायची. हे मी रोज बघत होतो.

आणि गुलफशाचं. ते मी आजवर कुणाशी बोललो नाही. दोन वर्षांची पोर ईदला आजोळी आली, आणि दुपारी तिच्या बरगड्या आत ओढायला लागल्या. ओठ निळे झाले. खालिदमियाँनी मोटारसायकल काढली, तू पोर पोटाशी धरून मागं बसलीस. मी दारात उभा होतो, हातात काय होतं ते तुला माहीत आहे. तीन दिवसांनी तू पिशवी न्यायला आलीस आणि म्हणालीस, अब्बा, एक तर बिडी ठेवा, न्हाईतर आमाला. मी म्हणालो, माझ्या घरात मी काय करायचं ते तू सांगायचं न्हाई, जमत नसंल तर येऊ नको. अम्मी चुलीपाशी होती, तिनं ऐकलं. तू गेल्यावर तिनं माझं ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही.

माफी मागण्याचं तोंड मला नाही. तरी मागतो.

आता सांगायचं ते सांगतो. मी सोडली. रोजात दिवसभर ओढत नाहीच, पण इफ्तारची वेळ झाली की पाण्याच्या घोटाआधी माझा हात बंडलाकडं जायचा. यंदा पहिल्या रोजाच्या दिवशी इफ्तार केली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही तसाच बसलो. डोकं फुटायची वेळ आली, सुईत दोरा ओवता येईना. लवंग चघळली, बडीशेप चघळली. आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. घर मी चुन्यानं रंगवून घेतलं. गोधड्या, पडदे, माझे सगळे सदरे सोड्याच्या पाण्यात उकळून धुतले. तू आलीस तर भिंतीलासुद्धा वास येणार नाही.

अम्मीची तब्येत आहे तशी आहे. थोडी बावचळते. माझ्यासमोर डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेते, बोलत नाही फारशी. रमजान होता म्हणून असेल. जेवण सध्या बाळाबाई भरवते, मला शाळेच्या गणवेशांचं काम असतं.

सुट्टी लागली की गुलफशाला घेऊन ये. शब्द देतो, घर स्वच्छ आहे.

तुझा अपराधी,
अब्बा


कापूरहोळ,
ता. १७ सप्टेंबर २०२४

गुलनाज, पोरी,

परवा रविवारी तू आलीस आणि उंबऱ्यावरूनच परत गेलीस. तू जे बघितलंस ते खरं होतं. मी खाटेवर बसलेलो, हातात पेटलेली बिडी, आणि अम्मी माझ्या खांद्याला टेकून बसलेली. तू माझ्याकडं बघितलंस, गुलफशाच्या तोंडावर ओढणी धरलीस आणि वळलीस. मी अनवाणी चौकापर्यंत आलो. शिरवळकडं जाणाऱ्या जीपमध्ये तू बसली होतीस, तोंड फिरवून. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होतो?

तुला वाटलं असेल, बापानं परत फसवलं. एप्रिलमधलं पत्र खोटं नव्हतं. पण त्यात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. ती आज लिहितो. ही वाचून तुला माझा राग येईल की कीव, ते तुझ्यावर सोडतो.

मी बिडी सोडली आणि तुझ्या अम्मीनं मला ओळखायचं सोडलं.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. मी घरात आलो की ती उठून स्वयंपाकघरात जायची. एके दिवशी बाळाबाईला म्हणाली, हा मानूस कोण हाय, घरात मालक न्हाईत आन हा रोज येऊन बसतोय. बाळाबाईला वाटलं गंमत करते. मग मी पाण्याचा तांब्या दिला तर घेतला नाही. औषधाची गोळी दिली तर थुंकली. तिला न्हाऊ घालायला गेलो तेव्हा ती कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तुमच्या पाया पडते, माझा नवरा येईल आता, तुमी जावा."

दादा म्हणाली मला. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर.

मी तिला नाव सांगितलं. निकाहाच्या वेळचा फोटो दाखवला. तिनं फोटो ओळखला, हे आमचे मालक, म्हणाली. फोटोतला माणूस आणि मी एकच आहोत हे काही तिला पटेना. मला वाटलं, आजार वाढला. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, एकेक ओळख जाणार. मी मनाची तयारी केली. बाळाबाई दोन वेळा येऊन भरवायची, अंघोळ घालायची. मी दुकानातच झोपायला लागलो, कारण मी घरात असलो की ती जागी राहायची, दाराकडं तोंड करून.

जूनमध्ये एक दिवस पंक्चरवाला गेनू दुकानात येऊन बसला. तो बिडीवर बिडी ओढतो. मी त्याला बाहेर जा म्हणालो नाही, मला कुणीतरी बोलायला हवं होतं. तासभर बसला. मी तशाच सदऱ्यानं डबा न्यायला घरी आलो. अम्मी दारात उभी होती. तिनं माझ्या छातीजवळ तोंड आणलं आणि म्हणाली, "आलात? किती उशीर केलात. म्या कवाची वाट बघत्येय."

तिनं माझा हात धरून मला आत नेलं. एक भाकरी माझ्या हातानं खाल्ली. पोरी, मी ताटावर बसून रडलो. तिनं डोळे पुसले माझे, काय झालं विचारलं, कुणी गिऱ्हाईक बोललं का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेलो, तर परत दादा.

मग माझ्या ध्यानात आलं. तोंड, आवाज, नाव, सगळं गेलंय तिच्यातून. नवरा म्हणून तिच्याजवळ उरलाय तो बिडीचा वास. बत्तीस वर्षं डाव्या हाताला बसून तिनं जे घेतलं, तेवढंच आत राहिलं.

आधी मी युक्त्या केल्या. दुकानातला जुना कोट होता, कधी न धुतलेला, खुंटीला टांगून ठेवलेला. तो घालून गेलो. चार-पाच दिवस चाललं. मग त्याचा वास उतरला, आणि पाचव्या का सहाव्या दिवशी घास तोंडात असतानाच तिनं माझ्याकडं बघितलं आणि घास बाहेर काढला. कोट मी गेनूकडं ठेवला, पुन्हा धूर लागावा म्हणून. तेही धड जमेना.

त्यातच बाळाबाई कामथडीला लेकीकडं गेली, लेक आजारी होती. दोन दिवस अम्मी काही खाईना. बीपीची गोळी पोटात नाही. तिसऱ्या दिवशी मी बंडल आणलं. दारामागं उभा राहून एक पेटवली, तीन झुरके घेतले आणि आत गेलो. ती जेवली. गोळी घेतली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

तेव्हापासून रोज दोन. जेवणाआधी एक, संध्याकाळी एक. आधी बाहेर ओढायचो. मग ती माझ्यामागं बाहेर यायला लागली, शेजारी बसायला लागली, खांद्याला टेकायला लागली. विझवली की थोड्या वेळानं सरकून बसते. म्हणून मी विझवायला उशीर करतो. तू आलीस तेव्हा तसंच चाललं होतं.

मी अडाणी नाही गुलनाज. ज्यानं तिला नेलं तेच मी तिला रोज देतोय, हे मला कळतं. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सांगायचं काय? ते म्हणतील बंद करा. बंद केली तर ती उपाशी राहते. चालू ठेवली तर उरलेलं जातं. आणि खरं सांगू का, ती उपाशी राहते म्हणून मी ओढतो, हे अर्धंच आहे. तिनं मला 'आलात?' म्हणावं म्हणून मी ओढतो. एवढ्यासाठी.

यातून मला वाट दिसत नाही. तू तिला घेऊन जा. तुझं तोंड तिला आठवणार नाही, पण बाई माणसाच्या हातनं ती खाते. तुझ्या घरात धूर नाही. माझ्याजवळ राहिली तर मी तिला मारणार, माझा तो स्वभावच झालाय.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. गाडी घेऊन ये फक्त.

तुझा,
अब्बा


कापूरहोळ,
ता. ८ डिसेंबर २०२४

चि. गुलनाज हिला दुवा. खालिदमियाँना सलाम सांग. आपल्या सासूला घरात घेणं सोपं नसतं, त्यांनी एका शब्दानं हूं की चूं केलं नाही. त्यांचे उपकार मी फेडू शकणार नाही.

तुझं पत्र मिळालं. अम्मी दोन वेळा जेवते, गुलफशा तिच्या केसांना तेल लावते, ती तुला आपली थोरली बहीण समजते, हे वाचून बरं वाटलं. तिची थोरली बहीण तिच्यावर फार जीव टाकायची. तू तीच राहा.

तू विचारलंस, त्या दिवशी अम्मी इतक्या सहज कशी निघाली. तुम्ही गाडी घेऊन आलात तेव्हा तुला भीती होती, ती रडेल, माझा हात सोडणार नाही. मलाही तीच भीती होती. म्हणून तुझा येण्याचा दिवस कळल्यावर मी चार दिवस आधी बिडी बंद केली. दोनदा न्हालो, गरम पाण्यानं, साबण लावून. कोट जाळला. नवे कपडे मी त्या दिवशी तुझ्यासाठी घातले असं तुला वाटलं असेल. ते तिच्यासाठी होते.

चार दिवस ती पुन्हा कोपऱ्यात बसली. तोवर कामथडीहून परत आलेल्या बाळाबाईच्या हातनं थोडं थोडं खाल्लं. मला माहीत होतं, चारच दिवस आहेत.

गाडीत बसताना तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिची पिशवी आत ठेवत होतो. ती तुझ्या कानात काहीतरी बोलली आणि तू मान फिरवलीस. तू मला सांगितलं नाहीस, पण मी ऐकलं होतं. ती म्हणाली, "ह्या दादांना चहा पाजून पाठवायला पायजे हुतं, लई मदत केली त्यांनी."

मी दार लावलं. लावताना तिचा पदर अडकणार नाही एवढं बघितलं.

आता तू लिहितेस, अब्बा, तुम्हीही या, खोली रिकामी आहे, बिडी सुटलीच आहे तर अडचण काय. अडचण तुला दिसत नाही असं नाही, तुझं मन मोठं म्हणून तू लिहिलंस. मी आलो तर तुझ्या घरात एक परका पुरुष येईल आणि ती परत कोपरा धरेल. तिनं मला ओळखावं असं केलं तर गुलफशाच्या छातीत धूर जाईल. त्या पोरीच्या बरगड्या मी एकदा बघितल्यात. नाही येणार.

बिडी ओढत नाही. त्यात काही मोठेपणा नाही, ओढायला कारण राहिलं नाही. गेनू म्हणाला, आता एकटाच हाईस, कुणाला तरास व्हनार, ओढ की, आणि बंडल हातात दिलं. मी हो म्हणालो आणि बंडल त्यालाच परत दिलं.

दुकान दुपारपर्यंत उघडतो. परवा एका लेंग्याचं माप घेतलं आणि वहीत लिहीपर्यंत आकडा गेला. माणसाला परत उभं करून माप घेतलं, तर तो हसला, म्हणाला चाचा, आत्ताच तर घेतलंत. डॉक्टरांनी माझीही तपासणी करायचं सांगितलं होतं. करणार नाही. करून कळणार काय, आणि कळून सांगायचं कुणाला? पण म्हणून हे सगळं तुला आत्ताच लिहून ठेवतो. तुझ्या अम्मीचं काय झालं, कुणी केलं, ते आपल्या दोघांपैकी एकाला तरी आठवत राहिलं पाहिजे. ते तू आठव.

शेवटचं एक. तू लिहिलंस, दिवे लागले की ती दाराशी जाऊन उभी राहते आणि विचारते, दुकान बंद करून आले का. तू काय उत्तर द्यावं ते तुला सुचत नाही. मी गेलो असं सांगू नकोस, ती रोज नव्यानं ऐकेल आणि रोज नव्यानं रडेल. आजारी आहेत असंही नको, ती निघायला बघेल. तिला सांग, गिऱ्हाइकाचे कपडे द्यायचे राहिलेत, ते देऊन येतील. ती हो म्हणेल आणि आत येईल. दुसऱ्या दिवशी विचारेल तेव्हा परत तेच सांग.

हे पत्र तिच्या हातात पडलं तरी काळजी करू नकोस. कागदाला आता कसलाच वास नाही.

तुमच्या सगळ्यांचं भलं चिंतणारा, तिकडं कधी न येणारा,
तुझा अब्बा
जलील